घरमालकांचा लाकडी ओटा

लिहायला बसलो खरा, पण हात धजत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणाचा कागदाशी संबंध आला तो अंगठा उठवण्यापुरता. मी बी.एस्सी. झालो, नोकरीला लागलो, तरी अर्ज सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. एखादा माणूस शब्दांत उभा करणं हे ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं असतात त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. म्हणून आधीच माफी मागतो. कुठं जास्त बोललो, कुठं काही राहून गेलं, तर सांभाळून घ्यावं. पण नल्लकुंट्याच्या आमच्या घरमालकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील अशी चिन्हं दिसत नाहीत.

साऱ्या हैदराबाद शहरात नकाशात राहणारा माणूस एकच होता, आणि ते म्हणजे आमचे घरमालक. बाकीची माणसं घरात राहतात. काका घराच्या नकाशात राहत. मीठ कुठं आहे असं विचारलं तर ते म्हणत, "वायव्येच्या कोपऱ्यात, वरून दुसरी फळी." त्यांना डावं-उजवं नव्हतं, चार दिशा आणि चार उपदिशा होत्या. काकू जेवायला वाढताना म्हणायच्या, "ह्यांना भाजी सरकवायची तर होकायंत्र लागतं बाई." त्यावर काका ताटातलं लोणचं आग्नेयेला सरकवून शांतपणे जेवत. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय हे मला गावाकडून आलो तेव्हा माहीत नव्हतं. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर गिरवायची, एवढंच काम. ते त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. अनेक धरणं त्यांच्या हाताखालून गेली. प्रत्यक्षात एकच पाहिलं, तेही खात्याची सहल गेली म्हणून. परत आल्यावर काकूंनी विचारलं, कसं होतं? तर म्हणाले, "ठीक आहे. पण शीटवर जास्त चांगलं दिसतं."

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला गेलो त्याचीही एक गंमत आहे. माझं गाव बिलोली तालुक्यातलं. कॉलेजात नाव घातलं आणि खोली शोधत फिरलो. आधीच्या दोन घरांत आडनाव ऐकून खोली भरलेली आहे असं सांगितलं होतं, म्हणून तिसऱ्या दारात मी आडनाव तयार ठेवूनच उभा होतो. काकांनी ते विचारलंच नाही. हातात पेन्सिल दिली, समोर कागद ठेवला आणि म्हणाले, "एक रेघ ओढ. पट्टी नक्को." रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वाटेत दोनदा घसरली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली. "थरथरते. पण मध्ये थांबली नाही. राहा." आतून काकूंचा आवाज आला, "रेघेचं झालं असंल तर पोराला पाणी द्या."

आता पायरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. त्यांच्या मधल्या दारातून अंगणात उतरायला एक दगडी पायरी होती. घराचा नकाशा खात्यातल्याच एका इंजिनियरनं काढलेला आणि काकांनी स्वतः गिरवलेला. त्यात उंबरा अंगणापासून नऊ इंच वर आणि मध्ये साडेचार इंचांवर पायरी, असं स्वच्छ दाखवलं होतं. पण गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी वर चढत गेला, पाणी अंगणात शिरू लागलं, तेव्हा काकांनीच तीन इंच मुरूम टाकून घेतला. पायरी निम्म्याहून जास्त मुरुमात बुडाली. वर उरलं दीड इंच. ती पायरी राहिली नव्हती, नुसती ठेच झाली होती. पण नकाशात मुरूम नव्हता, म्हणून काकांच्या लेखी तो पडलाच नव्हता.

"अहो, त्या पायरीचं काहीतरी करा. पाय अडकतो," काकू म्हणायच्या.

"साडेचार इंचाच्या पायरीला पाय अडकत नसतो."

"साडेचार तुमच्या कागदात. हितं दीड बोट ऱ्हायली."

"कागद खोटं बोलत नाही."

हा संवाद मी महिन्यातून चारदा ऐकायचो. एका दुपारी सांडग्यांचं ताट घेऊन काकू अंगणात उतरल्या, पाय अडकला आणि पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं, घरात करणारं कुणी नव्हतं, म्हणून नांदेडचे भाऊ येऊन त्यांना घेऊन गेले. तीन महिन्यांनी त्या काठी घेऊन चालू लागल्याचं कळलं, तसे काका त्यांना आणायला गेले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. काय झालं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, शब्दही न बदलता, गिरवल्यासारखं: "ती म्हणाली, तुमचा नकाशा सुखरूप आहे ना? मग त्याच्यासंगट राहा. ती पायरी असेस्तोवर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

मी भीत भीत म्हटलं, "काका, पायरी फोडून सिमेंटचा उतार करून घेऊ. एका दिवसाचं काम आहे."

"सिमेंटवर पडली तर पुन्हा हाड जाईल. लाकूड माणसाला झेलतं."

शेजाऱ्यांच्या भिंतीवर कुठल्याशा परदेशी यंत्रांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यात एका घराच्या दारापासून बागेपर्यंत उंबऱ्याला लागून सपाट लाकडी फळ्या अंथरल्या होत्या, आणि त्यावर खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. काका रोज ते पान बघायला जात. महिना संपला तरी शेजाऱ्यांना त्यांनी पान उलटू दिलं नाही. मग एक दिवस जाहीर केलं, की मधल्या दारापासून जामाच्या झाडापर्यंत, म्हणजे पेरूच्या झाडापर्यंत, असाच लाकडी ओटा करायचा. पायरी त्याच्या पोटात जाईल. घरातून निघालेला पाय थेट झाडाखाली पोचेल, मध्ये चढ नाही, उतार नाही. काकू तिथंच बसून तांदूळ निवडायच्या.

अडचण पहिल्याच दिवशी आली. आयुष्यभर खाली काहीतरी ठेवून गिरवलेल्या माणसासमोर पहिल्यांदा कोरा कागद होता. टी-स्क्वेअर लावून, पेन शाईत बुडवून काका तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी मला हाक मारली. "तू काढ. कसाही काढ. खाली काही असल्याशिवाय माझा हात चालत नाही." मी वहीच्या पानावर एक चौकोन काढला, तो एका बाजूला कललेला होता. त्यावर कापड अंथरून काकांनी इतका देखणा नकाशा काढला, की माझा चौकोन आपण होऊन सरळ झाल्यासारखा वाटला. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली मथळा: टिंबर प्लॅटफॉर्म, ग्राउंड लेव्हल. उंची त्यांनी घराच्या जुन्या नकाशातून घेतली. नऊ इंच.

मी ते नऊ वाचले. पायरी मातीत गेलेली मला रोज दिसत होती. मी बोलायला हवं होतं. पण वडील माणसाला, तेही रेघेच्या बाबतीत, मी काय सांगणार? मी वही उचलून माझ्या खोलीत गेलो.

लाकडासाठी आम्ही मुशीराबादच्या लाकूड अड्ड्यांत हिंडलो. तेव्हा परदेशी माल येण्याची दारं नुकतीच उघडली होती. कारखान्यांत बाहेरची यंत्रं येत आणि ज्या खोक्यांतून येत ती खोकी अड्ड्यांवर विकायला पडत. पिवळसर, हलकं, गोड वासाचं लाकूड, त्यावर छत्रीचं आणि फुटक्या पेल्याचं चित्र. काका फळी हुंगून म्हणाले, "सरकारनं दारं उघडली ती यंत्रांसाठी. आपल्या वाट्याला खोकी आली, ती काय वाईट आहेत?" खालच्या आधारासाठी रेल्वेचे जुने स्लीपर मिळाले. मीटरगेज उखडून ब्रॉडगेज होत होतं, त्यामुळं काळे, तेल मुरलेले स्लीपर ढिगानं पडले होते. वाळवी त्यांच्या वाटेला जात नाही. काकांनी प्रत्येक स्लीपर ठोकून पाहिला, जणू त्यावरून पुन्हा गाडी जाणार होती.

काम करायला जुन्या ओळखीचे एक मिस्त्री आले. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरला तेव्हा ते बराच वेळ तो उलटा बघत होते.

"साब, ये तो सीधा तख्त है. इसकू इत्ता बड़ा नक्शा कायकू?"

"मिस्त्री, नकाशात आहे तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नक्को."

"हौ साब. अक्कल घर पे रख के आतूं कल से."

खिळ्यांवरूनही वाद झाला. काकांना सगळीकडे स्क्रू हवे होते. खात्यात त्यांच्या हातचं एकही शीट दुरुस्ती न होता गेलं नव्हतं, तेव्हा उद्या दुरुस्ती निघाली तर फळ्या न मोडता निघायला हव्यात, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री हातानं एकेक स्क्रू पिळत आणि प्रत्येक स्क्रूमागं काकांच्या खात्याचा उद्धार करत. फळ्यांना खालून जळकं ऑइल लावायचं काम माझ्याकडं होतं. कॉलेजात मी आठवडाभर गॅरेजसारखा वास घेऊन बसत होतो.

मग फटीचा प्रश्न निघाला. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट हवी, पण काकूंची काठी त्यात रुतायला नको. काठी नांदेडला. काकांनी मेहुण्यांना कार्ड टाकलं: "काठीच्या टोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये कळवावा. बाकी क्षेम." आठ दिवसांनी उत्तर आलं. "काठीची चौकशी केलीत, आनंद झाला. काठीची तब्येत उत्तम आहे. माझी बहीणही बरी आहे, विचारलं नाहीत तरी कळवतो." आणि त्याखाली वेगळ्या, गोल अक्षरात दोनच शब्द: "एक इंच."

काकांनी ते कार्ड मला दाखवलं. "बघ, मिलिमीटरमध्ये विचारलं तर इंचात सांगते." तक्रार चालू होती, पण कार्ड खिशात गेलं आणि काम संपेपर्यंत खिशातच राहिलं. फट पाव इंचाची ठरली.

गल्लीतले लोक येता-जाता थांबत. कुणी विचारी, नाटक कधी आहे? कुणी विचारी, लग्न कुणाचं? काका प्रत्येकाला नकाशा उलगडून दाखवत, त्यामुळं दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. काम त्यांनी झाडाकडून सुरू करायला लावलं, कारण नकाशाचा उत्तरेचा बाण तिकडं होता. त्यामुळं जे व्हायचं ते अगदी शेवटी झालं. खडी पसरली, विटांचे पाये झाले, स्लीपर बसले, पाणसळ लावून लावून फळ्या दाराकडं सरकत आल्या. मिस्त्रींनी मध्ये एकदा मान वर केली. "साब, एक बात बोलूं?"

"नक्को. शीट बघा."

"देख रौं साब. शीट भी देख रौं, दरवाजा भी देख रौं."

शेवटची फळी बसली आणि आम्ही तिघं दारात उभे राहिलो. ओटा उंबऱ्यापेक्षा तीन इंच वर होता. घरातून बाहेर पडायला आता पाय उचलून चढावं लागणार होतं. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "साब, एक सीढ़ी निकालने कू बोले थे. ये तो दूसरी बन गई."

काका म्हणाले, "घर खचलं असणार."

"घर नै खचा साब," मिस्त्री म्हणाले. एरवी ते हसले असते. तेव्हा हसले नाहीत.

मी म्हटलं, "काका, तो मुरूम... आपण मुरूम टाकला होता. मला आधीच दिसलं होतं. मी बोललो नाही." काका माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मिस्त्रींकडून टेप मागितला. इतक्या महिन्यांत त्यांनी अंगणाला टेप लावलाच नव्हता. दाराच्या बाजूला, जिथं ओटा नव्हता, तिथं वाकून त्यांनी उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत मोजलं. एकदा, दोनदा. मग उंबऱ्यावरच बसले. "सहा," म्हणाले. टेप गुंडाळता गुंडाळता पुन्हा म्हणाले, "ती सांगत होती."

दुसऱ्या दिवशी सगळं उचकटायचं ठरलं. तेव्हा स्क्रू कामाला आले. एकही फळी फुटली नाही, आणि मिस्त्रींनी खात्याबद्दलचे आधीचे सगळे शब्द मागं घेतले. फळ्या निघाल्या, स्लीपर निघाले, खडी बाजूला झाली, आणि आम्ही मुरूम खणू लागलो. मी दाराजवळ होतो. पायरीच्या भोवतालचा मुरूम निघाला तशी पायरी वर येत गेली; खाली तिची जुनी, घासलेली, स्वच्छ बाजू होती. काका गुडघ्यांवर बसले, टेप लावला आणि लहान मुलासारखे ओरडले, "साडेचार! आणि हे बघ, खाली नऊ! मी म्हणत होतो ना!" मिस्त्री म्हणाले, "हौ साब, नक्शा बिलकुल सच्चा. बस, मिट्टी झूठी थी." काका हसले, आणि मग हसता हसता थांबले. ती पायरी त्यांनी दोन्ही तळव्यांनी पुसली. तिच्यावर पुन्हा स्लीपर चढवायला त्यांनी त्या दिवशी परवानगी दिली नाही. ते काम दुसऱ्या दिवशी झालं.

ओटा उंबऱ्याला लागून सपाट बसला. काकांची परीक्षा मात्र संपेना. त्यांनी मला जुनी छत्री काठीसारखी टेकवत दारापासून झाडापर्यंत चालायला लावलं. "एवढं भराभर नक्को. ती अशी चालत नाही." मी हळू चाललो. "आता डावा पाय जड आहे असं समज." मी तसं समजलो. "आता मध्ये थांब आणि मला काहीतरी बोल." मी थांबलो, पण काय बोलावं ते सुचेना. काकांनीच शेवटी सांगितलं, "राहू दे. ते तिचं तीच बोलेल."

पत्र लिहायची वेळ आली तेव्हा पुन्हा कोऱ्या कागदाची भानगड. "तू लिही," म्हणाले, "मी गिरवतो." मी चार ओळी लिहिल्या. काकू, ओटा झाला आहे. उंबऱ्याला लागून आहे. फट पाव इंच आहे. तुम्ही यावं. काकांनी त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि माझं अक्षर शाईनं गिरवलं, वेलांटी न् वेलांटी. मग खालचा कागद काढून घेतला. ट्रेसिंगच्या कागदाखाली आता काहीच नव्हतं. काका पेन धरून तसेच बसले. मला वाटलं संपलं, मी उठणार होतो. तेवढ्यात त्यांनी पाचवी ओळ लिहिली. अक्षरं वाकडी, खाली घसरत गेलेली, ट्रेसरच्या हातची वाटू नयेत अशी. "तुझं खरं होतं. सहाच होते."

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. काका रोज सकाळी ओटा झाडून काढत आणि झाडाखाली खुर्ची ठेवत. स्वतः तिच्यावर बसत नसत, शेजारी फळ्यांवर बसत. माझी परीक्षा झाली. मला लातूरला नोकरी लागली. निघताना मी पाया पडलो तेव्हा काका म्हणाले, "सरळ पश्चिमेला जा, थोडं उत्तरेकडं. स्टेशनवर कुणाला विचारायची गरज नाही." काकूंबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. लातूरला पोचल्यावर एक कार्ड टाकलं. त्यावर नवी जागा मिळेपर्यंत गावचा पत्ता दिला होता, आणि नंतर नवा पत्ता कळवायचं राहून गेलं. माणूस नोकरीला लागला की अशी पुष्कळ कामं राहतात. मी दुसरं कारण देत नाही.

चार वर्षं गेली. मागच्या महिन्यात वडील लातूरला आले ते पिशवीतून एक पाकीट घेऊन. त्यांना वाचता येत नाही. कुणाचंतरी महत्त्वाचं असेल म्हणून भिंतीतल्या देवळीत जपून ठेवलं होतं. शिक्क्यावरून दिसत होतं, ते येऊन तीन महिने झाले होते. अक्षर गोल. मागं पाठवणाऱ्याचा पत्ता नांदेडचा नव्हता, नल्लकुंट्याचा होता. पाकीट फोडण्याआधी मी वडिलांना ओरडून सांगितलं, "काकू परत गेल्या! काकू हैदराबादलाच आहेत!" वडिलांना काही कळलं नाही, पण तेही हसले.

मग मी फोडलं. काकूंनी लिहिलं होतं, की तू गेलास त्याच्या पुढच्या महिन्यात मी आले. तुझा पत्ता ह्यांनी कुठंतरी ठेवला होता, आत्ता सापडला. चार वर्षं आम्ही दोघंही बाहेर बसलो, भांडलो, जाम खाल्ले. मागच्या अष्टमीला हे गेले. सकाळी झाडाखालीच बसले होते, मला वाटलं डुलकी लागली. त्रास झाला नाही. तू समजून घे, रडत बसू नकोस, नोकरी नीट कर. भाऊ न्यायला आलाय. दोन दिवस झाले, समजूत घालतो आहे, नांदेडला सगळं आहे म्हणतो. मी त्याला सांगितलं, नक्को.